गाडीचा एसी गरम वारा फेकतोय? गॅस भरायच्या आधी एवढं बघून घ्या

गाडीच्या एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही, एवढं एक डोक्यात बसलं की निम्मं काम झालं म्हणायचं. बंद नळ्यांमधून तोच तोच गॅस फिरत असतो, त्यामुळं कुणी 'गॅस संपलाय' म्हटलं की त्याचा अर्थ तो कुठूनतरी बाहेर गेलाय आणि जिथनं गेला ती जागा अजून तशीच उघडी आहे. (रबरी पाइपांतून वर्षानुवर्षं थोडा झिरपतो ते वेगळं, जुन्या गाडीचं कूलिंग जरा उतरलं तर त्यात नवल नाही.) तरी दर उन्हाळ्यात आपल्याकडं तेच चालतं. मार्च संपत आला, बेळगावात दुपारचं ऊन टोचायला लागलं, एसी लावला तर गरम वारा, की गाडी थेट गॅरेजला, तिथं बॉनेट नीट उघडायच्या आधीच 'गॅस खाली आगेत्री' (गॅस संपलाय) ऐकायचं, गॅस भरायचा, थोडे दिवस गारेगार आणि मे मध्ये परत तिथंच उभं. आणि बऱ्याच वेळा गॅस गेलेलाच नसतो ओ, फॅन बंद असतो नाहीतर फ्यूज उडालेली असते.

म्हणून क्रम असा ठेवायचा: फुकटात बघता येतं ते आधी, दहा-वीस रुपयांचं त्याच्यानंतर, गेज (गॅसचा दाब मोजायचा काटा) लावायचं मग, आणि गॅस सगळ्यात शेवटी. खाली लिहिलंय त्यातलं अर्ध्याहून जास्त घरासमोर गाडी लावून जमतं, बाकीचं गॅरेजमध्येच करायचं पण आपल्यासमोर काय चाललंय ते कळावं म्हणून सांगतोय.

आत काय चालतं ते थोडक्यात

कॉम्प्रेसर गॅस दाबतो, दाबलेला गॅस तापतो. तो समोरच्या जाळीत म्हणजे कंडेन्सरमध्ये जातो, तिथं फॅनच्या वाऱ्यानं थंड होऊन पातळ म्हणजे द्रव होतो, मग ड्रायरमधून (ओलावा शोषणारा डबा) पुढं जाऊन एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक भोकातून डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये सुटतो आणि सुटल्यावर एकदम गार पडतो. ब्लोअर म्हणजे आतला पंखा त्या कॉइलवरून हवा ढकलतो. एवढंच आहे. यातली एक जरी कडी तुटली तरी तुमच्या तोंडावर येणारा वारा गरमच, म्हणून नुसत्या गरम वाऱ्यावरून 'गॅस' म्हणून मोकळं होता येत नाही.

काम सुरू करायच्या आधी एक गोष्ट. बॉनेटखालचा फॅन इंजिन बंद असलं तरी आपोआप फिरायला लागू शकतो, त्यामुळं बाही, ओढणी, गळ्यातली चेन सांभाळा. कॉम्प्रेसरमधून निघणारा पाइप भाजतो, त्याला हात लावायचा नाही. एसीचा कुठलाच नट 'बघूया जरा' म्हणून सैल करायचा नाही, आतला आर-१३४ए गॅस उणे २६ अंशाला उकळतो, तो पातळ स्वरूपात बोटावर नाहीतर डोळ्यात उडाला तर कायमची इजा होते. आणि हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल, केशरी रंगाच्या जाड वायरी दिसत असतील, तर बॉनेट बंद करा आणि तिथलं काम जाणणाऱ्याकडंच जा.

पहिलं काम: गरम म्हणजे नक्की कधी गरम

यासाठी काही उघडावं लागत नाही, फक्त गाडी चालवताना लक्ष द्यायचं. हायवेला संकेश्वरच्या पुढं गाडी पळत असताना गार आणि गणपत गल्लीच्या गर्दीत अडकलात की गरम, असं होत असेल तर नव्वद टक्के फॅन नाहीतर कंडेन्सरचा घोळ, कारण पळताना वारा आपोआप मिळतो, उभ्या गाडीला तो फॅननंच द्यावा लागतो. सुरवातीला छान गार, तासाभरानं वाराच कमी यायला लागला आणि थोडा वेळ एसी बंद ठेवून परत लावला की ठीक, तर आत कॉइलवर बर्फ धरतोय, त्याला चोंदलेला केबिन फिल्टर (आतल्या हवेची धूळ अडवणारा) किंवा कॉइलजवळचा तापमानाचा सेन्सर बघायचा. वारा गार आहे पण येतोच फुंकर मारल्यासारखा, तर ते गॅसचं दुखणं नाहीच, फिल्टर आणि ब्लोअर बघा. कायमच गरम, सकाळी पण गरम, रात्री पण गरम, तर पुढं वाचा.

एक साधा थर्मामीटर घेऊन ठेवा, काडीसारखा असतो तो. मधल्या जाळीत खोचायचा, एसी फुल, आतली हवा आतच फिरवायचं बटण दाबलेलं, ब्लोअर मधल्या नंबरवर, काचा बंद आणि इंजिन १५०० आरपीएमच्या आसपास धरून दहा मिनिटं. बाहेर ३५ अंश असताना जाळीत १० च्या आसपास किंवा खाली आलं तर एसी चांगला आहे, १५-१६ ला अडकलं तर काहीतरी कमी पडतंय, २५ च्या वर म्हणजे एसी चालतच नाही. हा आकडा लिहून ठेवा, दुरुस्तीनंतर परत घ्यायचाय. 'आता बरं वाटतंय' याला काही अर्थ नसतो, गॅरेजमधून बाहेर पडताना सगळ्यांनाच बरं वाटतं.

बटणं आणि गार-गरमचा नॉब

हसू नका, पण हे बघाच. आपल्याकडं जुलै-ऑगस्टमध्ये खानापूर, जांबोटी, चोर्ला साईडला पाऊस आणि धुकं असलं मारतं की काचेवरची वाफ घालवायला नॉब गरमकडं फिरवलेला असतो, तो तसाच राहतो किंवा पावसाळाभर तिथंच बसून त्याची केबल अडकते. नॉब गारकडं फिरवताना शेवटपर्यंत जातो का, नुसताच सैल फिरतो का, डॅशबोर्डमधून टक् टक् टक् असा आवाज येतो का. तो आवाज म्हणजे आतली फ्लॅप (हवेची गार-गरम वाट बदलणारी झडप) फिरवणाऱ्या छोट्या मोटरचे दाते गेलेत. फ्लॅप अडकली की कॉइल गार असून पण हवा हीटरवरून जाऊन येते, आणि मग गॅस कितीही भरा.

याची खात्री करायची सोपी युक्ती आहे. एसी दहा मिनिटं चालवा, बॉनेट उघडा, इंजिनच्या मागं जी भिंत असते तिच्यात दोन अॅल्युमिनियमचे पाइप शिरतात, एक जाड आणि एक बारीक. जाड पाइप हाताला थंडगार लागला पाहिजे, दमट दिवस असेल तर त्याच्यावर घामासारखे थेंब धरतात, खाली ठिपकतात पण. बारीक पाइप कोमट ते गरम. जाड पाइप असा घामेजलेला असून आत गरम वारा येत असेल तर गॅस, कॉम्प्रेसर, सगळं बरोबर आहे, भानगड डॅशबोर्डमधल्या फ्लॅपची. दोन्ही पाइप एकाच तापमानाचे लागले तर मात्र आत गॅस फिरतच नाही.

समोरची जाळी आणि फॅन

आता गाडीच्या नाकासमोर बसा. ग्रिलच्या आत रेडिएटरच्या पुढं जी बारीक पातींची जाळी दिसते तो कंडेन्सर. निपाणी, चिकोडी, अथणी, रायबाग भागात गाडी फिरत असेल तर हंगामात, म्हणजे ऊस तोडणी सुरू झाल्यापासून मार्चपर्यंत, रस्त्यावरच्या उसाच्या ट्रॅक्टरांचं पाचट, भुसकट, धूळ हे सगळं त्या जाळीत जाऊन बसतं, वरून किडे. खानापूरकडं लाल माती. बाहेरून एवढं दिसत नाही पण कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत टॉर्च मारून बघा, चांगली गादी झालेली असते तिथं. ती धुवायची ती साध्या बागेच्या पाइपनं, इंजिन गार झाल्यावर, जमेल तितकं आतून बाहेरच्या दिशेला. सर्व्हिसिंगवाल्याचा प्रेशरचा पाइप जवळून मारायचा नाही, पाती आडव्या होतात आणि एकदा आडव्या झाल्या की वारा जायची वाटच बंद, त्या परत उभ्या करत बसायला कंटाळा येतो. अर्ध्या गाड्यांचं कूलिंग नुसत्या या धुण्यानं सुधारलेलं दिसेल तुम्हाला.

धुवून झालं की इंजिन चालू, एसी चालू, आणि समोरचा फॅन बघा. बहुतेक गाड्यांत एसी लावल्यावर लगेच किंवा थोड्याच वेळात फॅन फिरायला लागतो. नाही फिरला तर त्याची फ्यूज, रिले (वीज चालू-बंद करणारा छोटा स्विच), प्लग आणि वायर, याच क्रमानं. वायर का म्हणतोय, तर शेताकडंला घर असलं की पावसाळ्यात उंदीर बॉनेटमध्ये ऊब घ्यायला येतात आणि फॅनची वायर कुरतडून ठेवतात. सगळं बरोबर असून फॅन गप्प असेल तर त्याच्या मोटरला बॅटरीवरून थेट १२ व्होल्ट देऊन बघतात, फिरला तर मोटर चांगली आणि दोष मागं कुठंतरी, नाही फिरला तर मोटरच गेली. हे ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घेतलंत तरी चालेल, चटका बसण्यापेक्षा बरं.

कॉम्प्रेसर उचलतोय का

एक माणूस आत बसवा, एसीचं बटण दाबायला सांगा, तुम्ही बाहेरून कॉम्प्रेसरच्या पुलीकडं बघा. पुली इंजिनबरोबर कायम फिरतच असते, बघायचं ते तिच्या तोंडावरची चकती. बटण दाबल्यावर 'टक्' आवाज होऊन ती चकती पण फिरायला लागली म्हणजे क्लच लागला, कॉम्प्रेसर पुलीला जोडला गेला. आपल्याकडचे मेकॅनिक याला सरळ 'मॅग्नेट' म्हणतात. काही नव्या गाड्यांच्या कॉम्प्रेसरला हा क्लचच नसतो, तिथं टक् ऐकू येणार नाही, त्यावरून घाबरू नका.

चकती फिरत नसेल तर आधी एसीची फ्यूज, मग रिले. बऱ्याच गाड्यांत हॉर्नचा आणि एसीचा रिले एकाच नंबरचा असतो, अदलाबदल करून बघा, नंबर मात्र जुळला पाहिजे. तरी नाही, तर मल्टिमीटर घेऊन क्लचच्या प्लगवर १२ व्होल्ट येतात का ते बघायचं. येत असून क्लच ओढत नसेल तर एकतर क्लचमधली तारेची कॉइल जळाली (चांगल्या कॉइलचा रेझिस्टन्स साधारण ३ ते ५ ओहम दाखवतो, तुटली असेल तर मीटर काहीच दाखवत नाही) किंवा चकती आणि पुलीमधली फट झिजून वाढली. ती फट साधारण अर्धा मिलिमीटर असावी लागते. वाढलेल्या फटीचं लक्षण गमतीशीर आहे, सकाळी इंजिन गार असताना एसी झकास आणि तापल्यावर क्लच सुटतो. चकतीमागचं पातळ वॉशर एक काढलं की काम होतं, आणि याच दुखण्यासाठी आख्खा कॉम्प्रेसर बदलायला सांगणारे पण भेटतात, तेव्हा फट मोजून दाखवा म्हणायचं.

क्लचपर्यंत १२ व्होल्ट येतच नसतील तर गॅस खरंच कमी असू शकतो. पाइपवर एक प्रेशर स्विच किंवा सेन्सर असतो, आत दाब फार कमी झाला की तो कॉम्प्रेसरला चालूच होऊ देत नाही. काही जण तो स्विच वायरनं जोडून कॉम्प्रेसर जबरदस्तीनं चालवतात. तसं करू नका. कॉम्प्रेसरचं ऑइल गॅसबरोबरच फिरत असतं, गॅस नसताना चालवला की कोरडा फिरतो आणि आत घासून त्याचा चुरा सगळ्या लाइनीत पसरतो, मग कंडेन्सर, ड्रायर, व्हॉल्व्ह सगळंच बदलायची पाळी.

गेज लावल्यावर

इथून पुढं गॅरेज. निळा गेज लो साइडचा म्हणजे कमी दाबाच्या बाजूचा, लाल हाय साइडचा म्हणजे जास्त दाबाच्या, आर-१३४एच्या दोन तोट्या मुद्दाम वेगवेगळ्या मापाच्या असतात म्हणून उलटसुलट लागत नाहीत. गाडी बराच वेळ बंद असताना दोन्ही काटे एकाच ठिकाणी उभे राहतात, बाहेर ३० अंश असेल तर ९५ ते १०० पीएसआयच्या आसपास. त्याच्या फार खाली, म्हणजे तीस-चाळीस दाखवत असतील, तर गॅस गेलेला आहे, वाद नको. पण ९५ दाखवले म्हणून गॅस पुरेसा आहे असं पण नाही बरं का, आत थोडासा पातळ गॅस शिल्लक असला तरी काटा तेवढाच दाखवतो.

इंजिन चालू, एसी फुल, ३५ अंशाच्या दिवशी लो साइड साधारण ३० ते ४५ आणि हाय साइड १८० ते २५० च्या मध्ये असते, गाडीगाडीप्रमाणं थोडं इकडंतिकडं. दोन्ही कमी तर गॅस कमी. दोन्ही जास्त तर गॅस जास्त झालाय, लाइनीत हवा शिरलीय किंवा कंडेन्सरला वारा नाही, मघाशी पाचट काढलं नसेल तर आधी ते काढा. लो जास्त आणि हाय कमी, दोन्ही काटे एकमेकांकडं सरकलेले, तर कॉम्प्रेसर दाबतच नाही. लो साइड पार शून्याच्या खाली व्हॅक्यूमकडं जात असेल तर एक्स्पान्शन व्हॉल्व्ह किंवा ड्रायर चोंदलाय. आणि थोडा वेळ गार, मग लो साइड खाली जाऊन गरम, पाच-दहा मिनिटं बंद ठेवला की परत गार, हे आत पाणी शिरल्याचं लक्षण, व्हॉल्व्हच्या भोकात बर्फ होऊन बसतो आणि वितळला की वाट मोकळी.

लीकेज शोधणं, खरं काम हे

मेकॅनिकशी मराठीत जमलं तर ठीक, नाहीतर सरळ कन्नडमध्ये म्हणा, 'मोदल लीकेज चेक माड्री, गॅस आम्याल हाक्री.' आधी लीकेज बघा, गॅस नंतर घाला. या एका वाक्यानं समोरच्याला कळतं की गिऱ्हाईक नुसतं गॅस भरून जाणारं नाही.

गॅस जिथनं जातो तिथनं थोडं ऑइल पण जातं, त्यामुळं पहिली तपासणी डोळ्यांनी. टॉर्च घेऊन प्रत्येक जोडावर, कॉम्प्रेसरच्या तोंडापाशी, कंडेन्सरच्या कडेकडेनं तेलकट डाग बघायचा. त्या डागावर धूळ चिकटून काळपट चिखल झालेला असतो, बोट फिरवलं की चिकट लागतं. कंडेन्सर सगळ्यात पुढं असल्यामुळं खडी उडून त्यालाच जास्त मार बसतो. गॅस भरायच्या तोट्यांवरची प्लास्टिकची टोपणं आहेत का ते पण बघा, आतल्या पिनमधून बारीक गळती असते आणि पिन किरकोळ किमतीत बदलते.

नुसत्या डोळ्यांनी सापडलं नाही तर लाइन रिकामी करून नायट्रोजन भरायचा, दाब धरून ठेवायचा आणि सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी लावायचं. बुडबुडा आला की सापडलं. अर्धा-पाऊण तास काटा जागचा हलला नाही तर मोठं लीकेज नाही. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा यासाठी भरू देऊ नका, तिच्यात ओलावा असतो. ऑक्सिजनचं नाव पण काढायचं नाही, तेलाला लागून स्फोट होतो. अगदी बारीक गळतीसाठी डाय (चमकणारा रंग) घालून निळ्या टॉर्चनं बघतात किंवा आवाज देणारा डिटेक्टर फिरवतात, गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळं तो जोडाच्या खालून फिरवायचा. डॅशबोर्डमधल्या कॉइलचा संशय असेल तर तिचं पाणी गाडीखाली जिथं ठिपकतं त्या नळीच्या तोंडाशी डिटेक्टर धरतात. तिथं वाजला तर डॅशबोर्ड उतरवायची तयारी ठेवा, दिवसभराचं काम आहे ते आणि माणूस निवडून काम द्यायचं, नाहीतर नंतर डॅशबोर्ड आयुष्यभर खडखडत बसतो.

लीकेज बंद करणारं औषध बाटलीत मिळतं, माझं मत विचाराल तर ते घालू नका. गॅरेजच्या मशीनमध्ये, व्हॉल्व्हमध्ये कुठं घट्ट होऊन बसेल सांगता येत नाही.

व्हॅक्यूम, मग गॅस

लाइन उघडली की ओ-रिंगा (जोडांतल्या रबरी रिंगा) नव्या, ड्रायर नवा आणि ऑइल गाडीला जे लागतं तेच. मग व्हॅक्यूम पंप (लाइनीतली हवा ओढून काढणारा) किमान अर्धा तास. दाब इतका खाली गेला की आतलं पाणी साध्या तापमानाला उकळून वाफ होतं आणि पंपाबरोबर बाहेर जातं, म्हणून पाच मिनिटांत 'झालं' म्हणणाऱ्याला थांबवा. आता इथली एक खास गोष्ट. व्हिडिओत बघून लोक म्हणतात काटा २९ इंचाच्या (पाऱ्याच्या इंचांत मोजलेला व्हॅक्यूम) वर गेला पाहिजे. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंच, इथं हवेचाच दाब कमी, त्यामुळं पंप कितीही भारी असला तरी काटा २७ च्या आसपासच थांबणार. तोच पंप चोर्ला उतरून पणजीला नेला तर २९ दाखवेल. तेव्हा त्यावरून मेकॅनिकशी भांडू नका, पंप बंद केल्यावर पंधरा मिनिटं काटा मागं सरकतो का ते बघा, सरकला तर गळती राहिलीय.

गॅस वजनावर भरायचा. बॉनेटच्या आत किंवा पुढच्या पट्टीवर स्टिकर असतो, त्यावर गॅसचा प्रकार आणि ग्रॅम लिहिलेले असतात, लहान गाड्यांत साधारण ३५० ते ५०० ग्रॅम. डबा किंवा सिलिंडर वजनकाट्यावर ठेवून तेवढाच. 'अजून थोडा घालूया, जास्त गार होईल' हे खोटं आहे, जास्त झाला की कूलिंग उलट उतरतं आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो. इंजिन चालू असताना डबा हाय साइडला लावायचा नाही, उलटा दाब येऊन डबा फुटतो. लो साइडनं भरताना डबा उभा, उलटा केला तर पातळ गॅस कॉम्प्रेसरमध्ये जाऊन तो मोडतो. स्टिकरवर आर-१२३४वायएफ (काही नव्या गाड्यांतला वेगळा गॅस) असेल तर तोच घालायचा, त्यात १३४ए मिसळायचा नाही. आणि स्वस्तातला म्हणून बिननावाचा गॅस कुणी देत असेल तर विचारून घ्या, काही ठिकाणी एलपीजीच्या जातीचा पेट घेणारा गॅस भरतात, तो केबिनमध्ये गळला तर काय होईल ते सांगायला नको.

भरून झालं की तोच थर्मामीटर, तीच मधली जाळी, तेच दहा मिनिटं, आणि आधीच्या आकड्याशी ताडून बघा. बिलावर किती ग्रॅम भरला आणि कुठलं लीकेज काढलं हे लिहून घ्या, नुसतं 'एसी वर्क' लिहिलेलं बिल काही कामाचं नाही. आठ-पंधरा दिवसांनी परत आकडा घ्या, चढला असेल तर ते बिल घेऊन त्याच गॅरेजला जा. आणि पावसाळ्यात एसी पार बंद ठेवू नका, आठवड्यातून एकदा दहा मिनिटं लावा, सीलला ऑइल मिळत राहतं, वर काचेवरची वाफ पण जाते, नॉब मात्र नंतर आठवणीनं गारकडं फिरवून ठेवा.